‘कृत्रिम सूर्या’च्या भिंतीचं काय?

जानेवारी 2025 मध्ये चीनच्या ‘ईस्ट’ या टोकामॅकने, म्हणजे चुंबकीय क्षेत्राने प्लाझ्मा कोंडणाऱ्या कंकणाकृती यंत्राने, प्लाझ्मा (अतितप्त, आयनित वायू) 1,066 सेकंद टिकवला. महिना उलटायच्या आत फ्रान्समधल्या कादाराश इथल्या ‘वेस्ट’ने तो आकडा 1,337 सेकंदांवर नेला. दोन्ही वेळा आपल्याकडे बातमी एकाच साच्यातून निघाली: कृत्रिम सूर्य पेटला, इतके कोटी अंश तापमान, अमक्याने तमक्याला मागे टाकलं. त्यावरची चर्चाही ठरलेल्या दोन पक्षांत झाली. एका पक्षाच्या मते अमर्याद, स्वच्छ वीज आता दाराशी आली आहे. दुसऱ्याच्या मते फ्युजन (अणुकेंद्रकांचं संमीलन) गेली कित्येक दशकं ‘अजून तीस वर्षांनी’ येतंय, तेव्हा हा पैसा सौरऊर्जेत घालावा. दोघांची मोजपट्टी मात्र एकच: तापमान किती, सेकंद किती, घातलेल्या ऊर्जेच्या किती पट ऊर्जा बाहेर आली. या मोजपट्टीवर कितीही वाद घातला तरी तो कुठे पोचणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. फ्युजनच्या विजेचा निकाल भिंतीच्या वरच्या मिलिमीटरभर थरात लागणार आहे. त्या थराचं काय होतंय हे यंत्र चालू असताना आपल्याला मोजता येईल का, यावर तो लागणार आहे. प्लाझ्मा आणि पदार्थ यांची ही गाठ, आणि तिची मोजमापं, वादाच्या केंद्रस्थानी यायला हवीत.

आधी उष्णतेचं गणित मांडू. कादाराशलाच उभं राहत असलेलं ‘इटर’ हे आंतरराष्ट्रीय टोकामॅक 500 मेगावॅट संमीलन शक्ती देईल अशी आखणी आहे. त्यातला चार पंचमांश भाग न्यूट्रॉन घेऊन जातात. ते चुंबकीय क्षेत्राला जुमानत नाहीत, सरळ भिंत भेदून आत शिरतात. उरलेले 100 मेगावॅट संमीलनातून बनलेल्या हेलियमच्या केंद्रकांकडे राहतात आणि प्लाझ्मातच मुरतात. बाहेरून दिलेली 50 मेगावॅट उष्णता त्यात मिळवा. या दीडशेपैकी काही भाग प्रकाश आणि क्ष-किरणांच्या रूपाने सगळीकडे पसरतो, आणि साधारण 100 मेगावॅट चुंबकीय पिंजऱ्याची शेवटची सीमा ओलांडून क्षेत्ररेषांच्या वाटेने खाली डायव्हर्टरकडे, म्हणजे ही उष्णता झेलणाऱ्या तळच्या भागाकडे, धावतात. अनेक टोकामॅकमध्ये अवरक्त कॅमेऱ्यांनी घेतलेल्या मोजमापांवरून 2011 नंतर एक सूत्र हाती आलं. त्यानुसार इटरमध्ये या प्रवाहाची जाडी जेमतेम 1 मिलिमीटर निघते. यंत्राची मुख्य त्रिज्या 6.2 मीटर, म्हणजे परीघ सुमारे 39 मीटर. 39 मीटर लांब आणि 1 मिलिमीटर रुंद पट्टीचं क्षेत्रफळ ए-फोर कागदापेक्षाही कमी भरतं, आणि तेवढ्यातून 100 मेगावॅट! क्षेत्ररेषा फाकवून आणि लक्ष्यपृष्ठ तिरकं ठेवून ही उष्णता कितीतरी अधिक जागेवर पसरवता येते हे खरं. तरीही डायव्हर्टरची सोसण्याची मर्यादा चौरस मीटरला सतत 10 मेगावॅट आणि थोड्या वेळापुरती 20 मेगावॅट एवढीच आहे. भर दुपारचं ऊन चौरस मीटरला साधारण 1 किलोवॅट असतं. त्याच्या दहा हजार पट उष्णता, तीही अखंड. संगणकावरची काही अलीकडची गणितं म्हणतात की इटरमध्ये ही जाडी पाच-सहा मिलिमीटर निघेल. तसं झालं तर उत्तमच, पण इटर चालू झाल्याशिवाय ते कळायचं नाही. आणि वेस्टचा तो विक्रम? प्लाझ्मात घातलेली शक्ती होती 2 मेगावॅट. पाण्याने थंड ठेवलेल्या टंगस्टनच्या भिंतींत बावीस मिनिटं प्लाझ्मा टिकला, हे त्या प्रयोगाचं खरं मोल, आणि बातम्यांतून नेमकं तेच गळलं.

इतकी उष्णता झेलणारा भाग कसा बांधतात हे पाहिल्याशिवाय अडचणीचा अंदाज येत नाही. टंगस्टनचे लहान ठोकळे, मधोमध भोक, भोकातून तांबं-क्रोमियम-झिर्कोनियम मिश्रधातूची नळी. टंगस्टन आणि तांबं तापल्यावर सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून दोन्हींच्या मध्ये शुद्ध तांब्याचा मऊ थर. नळीत पिळदार पट्टी घालतात, म्हणजे पाणी गरगरत जातं आणि नळीच्या आतल्या बाजूला वाफेचा पापुद्रा धरत नाही. तो पापुद्रा एकदा धरला की उष्णता पाण्यात जायची थांबते आणि नळी जळते. टंगस्टन 3,422 अंश सेल्सिअसला वितळतं, पण त्याआधी बराच काळ त्याची धडगत नसते. 1,200-1,300 अंशांच्या पुढे धातूतले स्फटिक-कण आकाराने वाढू लागतात आणि तो भेगाळतो. उलट काहीशे अंशांच्या खाली तो मुळातच ठिसूळ असतो. तांब्याची मिश्रधातू साडेतीनशे अंशांच्या वर मऊ पडू लागते. या मर्यादांच्या बेचक्यात सगळा खेळ. त्यात क्षेत्ररेषा पृष्ठभागाला दोन-तीन अंशांनी घासून जातात, त्यामुळे एखादा ठोकळा शेजाऱ्यापेक्षा मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याइतका जरी वर राहिला तरी त्याच्या उघड्या कडेवर उष्णता जवळजवळ समोरून आदळते. म्हणून इटरच्या ठोकळ्यांना अर्ध्या मिलिमीटरचा उतार दिलेला असतो. इंग्लंडमधल्या ‘जेट’ यंत्रात 2013 साली टंगस्टनची एक कड मुद्दाम उघडी ठेवून वितळवली, वितळलेला धातू कुठे सरकतो ते पाहायला. हेलियमचा मारा वेगळाच त्रास देतो. पृष्ठभाग हजार ते दोन हजार केल्विनच्या दरम्यान असेल तर टंगस्टनवर नॅनोमीटर जाडीच्या तंतूंची लव उगवते, आणि तिच्यातून उष्णता नीट आत जात नाही.

मग प्लाझ्माच भिंतीशी थंड करून आणायचा, हा उपाय. इंधनातल्या ड्युटेरियमच्या (जड हायड्रोजनच्या) आयनाला टंगस्टनचा अणू उडवायला 200 इलेक्ट्रॉन-व्होल्टहून (हे कणांच्या ऊर्जेचं एकक) जास्त ऊर्जा लागते, पण निऑन-नायट्रोजनसारख्या जड आयनांना 40-50 पुरतात. शिवाय भिंतीलगतच्या विद्युत-पडद्यात आयनाला त्याच्या भाराच्या प्रमाणात जादा ढकल मिळते. हिशोब केला की डायव्हर्टरजवळचं तापमान 5 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या, म्हणजे साधारण 58,000 अंशांच्या, खाली ठेवावं लागतं. त्यासाठी निऑन किंवा नायट्रोजन बेताने सोडतात. तो वायू चमकतो आणि उष्णता भिंतीवर आदळण्याआधीच चहूकडे उधळून टाकतो. वायू कमी पडला तर प्लाझ्मा पुन्हा भिंतीला चिकटतो आणि ठोकळे काही सेकंदांत हातचे जातात. जास्त झाला तर चमकणारा पट्टा वर सरकत गाभ्याला थंड करतो आणि अख्खा प्लाझ्मा कोसळतो. या दोन टोकांमध्ये अंतर फार नाही, आणि यंत्राला ते महिनोन् महिने सांभाळायचं आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप गाभ्यावर काम करणाऱ्यांचा आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. आधी प्लाझ्मा धरून ठेवता आला पाहिजे, भिंतीचं नंतर बघू. गाभाच तापला नाही तर भिंत कुणासाठी राखायची? इतिहास बराच काळ त्यांच्याच बाजूने आहे. पन्नास-साठच्या दशकांत प्लाझ्मा इतक्या चटकन निसटत असे की भिंतीचा विचार चैनीचा वाटला असता. अमेरिकेच्या ‘नॅशनल इग्निशन फॅसिलिटी’त 5 डिसेंबर 2022 ला 2.05 मेगाजूल लेझर ऊर्जेतून 3.15 मेगाजूल निघाले, ही भौतिकशास्त्राची खरी कमाई आहे. ते लेझर चालवायला वीजवाहिनीतून सुमारे 300 मेगाजूल घ्यावे लागले म्हणून तिचं मोल कमी होत नाही. मान्य. पण ‘आधी गाभा, मग भिंत’ हा क्रम टोकामॅकमध्ये टिकत नाही, आणि त्याचा पुरावा जेटनेच दिला आहे. 1997 साली जेटने 16 मेगावॅटचा उच्चांक गाठला तेव्हा भिंत कार्बनची होती. कार्बन वितळत नाही, हलका असल्याने गाभ्यात शिरला तरी फारसं बिघडत नाही. पुढे ती भिंत उखडून बेरिलियम आणि टंगस्टनची बसवली, 2011 पासून प्रयोग सुरू झाले, आणि तोच प्लाझ्मा वेगळा वागू लागला. त्याच्या कडेचं तापमान उतरलं, उष्णता आधीसारखी टिकेना. टंगस्टन गाभ्यात साचू नये म्हणून जादा वायू सोडावा लागला, आणि त्या वायूने पुन्हा प्लाझ्माची गुणवत्ता खालावली. भिंतीला साजेसा प्लाझ्मा नव्याने शिकायला जवळपास दहा वर्षं लागली, तेव्हा कुठे डिसेंबर 2021 मध्ये 59 मेगाजूल आणि 2023 च्या अखेरच्या मोहिमेत 69 मेगाजूल हाती आले. टंगस्टनचे लाखात काही मोजके अणू गाभ्यात शिरले तरी ते इतकी ऊर्जा उधळतात की संमीलन मंदावतं. अशा परिस्थितीत भिंतीचा विचार न करता गाठलेला विक्रम भिंत असलेल्या यंत्राबद्दल काय सांगणार?

कार्बन इतका चांगला होता, तर सोडला का? ट्रिटियममुळे, म्हणजे फ्युजनचं इंधन असलेल्या हायड्रोजनच्या किरणोत्सारी रूपामुळे. 1997 च्या त्या प्रयोगमालेत जेटमध्ये सुमारे 35 ग्रॅम ट्रिटियम सोडलं. प्रयोग संपले तेव्हा त्यातला साधारण एक तृतीयांश भाग यंत्रातच अडकला होता, आणि सफाईनंतरही काही ग्रॅम निघालेच नाहीत. हायड्रोजनचे अणू कार्बनला रासायनिकरीत्या पोखरतात. त्यातून बनलेली संयुगं डायव्हर्टरच्या थंड, आडोशाच्या कोपऱ्यांत जाऊन ट्रिटियमसह थरावर थर बसवतात. हे थर सुटून त्यांच्या खपल्या पडतात. इटरमध्ये पात्राच्या आत अडकलेल्या ट्रिटियमची मर्यादा किलोच्याही आत आहे. कार्बनवर ती चटकन गाठली गेली असती. जेटच्या धातूच्या भिंतीने हे अडकणं दहा पटींहून कमी केलं, आणि म्हणून इटरने कार्बनचा डायव्हर्टर सोडला. पुढे 2024 च्या नव्या आराखड्यात पहिल्या भिंतीचं विषारी बेरिलियमही गेलं, तिथेही टंगस्टन आलं. आता या भिंतीवर प्राणवायू शोषून घ्यायला बोरॉनचा लेप द्यावा लागेल, आणि तो लेप स्वतः ट्रिटियम पकडतो. प्रश्न मिटला नाही, त्याने जागा बदलली.

वीजकेंद्राच्या पातळीवर हा हिशोब आणखी कडक होतो. 1 गिगावॅट संमीलन शक्तीला दिवसाला सुमारे 150 ग्रॅम ट्रिटियम जाळावं लागतं. समजा आत सोडलेल्या ट्रिटियमपैकी 1 टक्का जळतं, म्हणजे दिवसाला 15 किलो यंत्रातून फिरणार. त्यातलं हजारात एक, म्हणजे 15 ग्रॅम, भिंतीत रुतून बसलं तर? भिंतीमागच्या लिथियमच्या आवरणात न्यूट्रॉनमुळे, जळणाऱ्यापेक्षा पाच-दहा टक्के जास्त ट्रिटियम तयार होईल अशी आशा धरतात. ती शिल्लक दिवसाला साडेसात ते पंधरा ग्रॅम होते. म्हणजे हजारातल्या एका भागाच्या अडकण्याने सगळी शिल्लक संपली. ट्रिटियमचं अर्धायुष्य 12.3 वर्षं, आणि जगातला नागरी साठा काही दशक किलोंचा, बहुतेक कॅनडातल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतून आलेला. वीजकेंद्राचं इंधन संपेल की नाही हे भिंत ठरवते, आणि ‘अमर्याद इंधन’ म्हणणाऱ्या लेखांत भिंतीचा उल्लेखही नसतो.

मोजमापाला या चर्चेत सर्वांत कमी मान मिळतो, म्हणून त्याबद्दल जरा विस्ताराने. जानेवारी 1958 मध्ये इंग्लंडच्या हार्वेलमधल्या ‘झेटा’ यंत्रात संमीलनाचे न्यूट्रॉन मिळाल्याची घोषणा झाली. हार्वेलचे संचालक सर जॉन कॉकक्रॉफ्ट यांनी नव्वद टक्के खात्री व्यक्त केली, वर्तमानपत्रांनी समुद्राच्या पाण्यातून वीज काढून दाखवली. मग तिथलेच शास्त्रज्ञ बॅझिल रोझ यांनी न्यूट्रॉनची ऊर्जा दिशेनुसार तपासली. ती सगळीकडे सारखी भरली नाही, म्हणजे हे न्यूट्रॉन तापलेल्या प्लाझ्माचे नव्हते, वेगात ढकललेल्या मूठभर आयनांचे होते. मे महिन्यात दावा मागे घ्यावा लागला. दहा वर्षांनी, 1968 मध्ये, नोवोसिबिर्स्कच्या परिषदेत सोव्हिएत शास्त्रज्ञ लेव्ह आर्त्सिमोविच यांच्या गटाने टी-3 टोकामॅकमध्ये सुमारे एक कोटी अंशांचा दावा केला, तेव्हा पाश्चात्त्यांनी साहजिकच भुवया उंचावल्या. हा पेच सुटला तो मोजमापाने. 1969 मध्ये निकोल पीकॉक यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश शास्त्रज्ञ लेझर घेऊन मॉस्कोला गेले. प्लाझ्मातल्या इलेक्ट्रॉनांवरून विखुरलेल्या लेझर प्रकाशाच्या वर्णपटाची रुंदी त्यांनी मोजली, आणि तापमान खरं निघालं. शीतयुद्धाच्या ऐन भरात! पाठोपाठ प्रिन्स्टनने आपला स्टेलरेटर (दुसऱ्या प्रकारचं चुंबकीय यंत्र) मोडून त्याचा टोकामॅक केला. सगळं जग टोकामॅककडे वळलं ते एका मोजमापामुळे. आज भिंतीच्या बाबतीत अशीच निर्विवाद मोजमापं आपल्याकडे आहेत का?

पुरती नाहीत, आणि कारणं अगदी ठोस आहेत. टंगस्टनची झीज पाहायला त्याच्या उदासीन अणूची 400.9 नॅनोमीटरची रेषा बघतात आणि प्रकाशकण मोजून त्यावरून उडालेले अणू काढतात. पण उडालेल्या अणूंपैकी बहुसंख्य आयन बनून क्षेत्ररेषेभोवतीच्या पहिल्याच फेऱ्यात पुन्हा भिंतीवर पडतात. म्हणजे प्रकाश एकूण उडालेले अणू सांगतो, भिंत प्रत्यक्षात किती झिजली ते नाही. ते कळायला यंत्र उघडून खुणेच्या फरशा काढाव्या लागतात. तापमानासाठी अवरक्त कॅमेरा लावावा, तर टंगस्टन स्वतः कमी उत्सर्जन करतं. ते उत्सर्जन तापमान आणि पृष्ठभागाच्या खडबडीतपणाबरोबर बदलतं, आणि चकचकीत धातूत दुसऱ्याच गरम भागाचं प्रतिबिंब दिसतं. एखादा सैल बसलेला थर पटकन तापला की कॅमेरा ओरडतो, खालचा ठोकळा मात्र सुरक्षित असतो. म्हणून वेस्टमध्ये फरशांच्या आत उष्णतायुग्मं (तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोड्या) आणि प्रकाशतंतूंचे संवेदक पुरून पडताळा घेतात. जेटच्या शेवटच्या टप्प्यात लेझरने भिंतीचा ठिपका तापवून त्यातून निघालेला वायू वस्तुमानमापकाने तपासला, म्हणजे यंत्र न उघडता ट्रिटियम किती अडकलं ते कळेल. शेवटच्या दिवशी तर इलेक्ट्रॉनांचा झोत मुद्दाम आतल्या भिंतीवर सोडला, नुकसान कसं होतं ते समजावं म्हणून. चाळीस वर्षं चाललेल्या यंत्राचा हा निरोप मला कुठल्याही विक्रमापेक्षा मोठा वाटतो.

इथे दुसरा आक्षेप येतो. प्रयोगशाळेत ठीक आहे, वीजकेंद्रात पन्नास प्रकारची उपकरणं कुठे लावणार? बरोबर आहे. ट्रिटियम तयार करणाऱ्या आवरणाला भिंतीची इंच-इंच जागा हवी. प्रत्येक खिडकीतून न्यूट्रॉन निसटतात. शिवाय उपकरणंच टिकत नाहीत. न्यूट्रॉनच्या माऱ्याने प्रकाशतंतू काळवंडतात, खनिज-निरोधक तारांत नसते विद्युतदाब उपजतात. प्लाझ्मासमोरच्या पहिल्या आरशावर काही दशक नॅनोमीटरचा थर बसला की परावर्तन बदलतं, मग टंगस्टनची रेषा मंद झाली ती झीज घटली म्हणून की आरसा मळला म्हणून, हे सांगता येत नाही. चुंबकीय कुंडलं तर क्षेत्राच्या बदलाचा वेग मोजतात. त्याची बेरीज करत जायची असते, आणि सूक्ष्म चूकही हजारो सेकंदांत साचून प्लाझ्माची जागा काही सेंटिमीटरने चुकीची दाखवू शकते, जिथे उष्णतेची पट्टी मिलिमीटरची आहे. मला मात्र या आक्षेपातून उलट निष्कर्ष निघताना दिसतो. पुढे उपकरणं कमी मिळणार असतील, तर कुठली चार-पाच पुरतील हे आजच्या यंत्रांवर भरपूर मोजूनच ठरवावं लागेल. आरसे यंत्रातच छोट्या प्लाझ्माने धुणं, कुंडलांच्या जोडीला चुंबकीय क्षेत्र थेट मोजणारे बिस्मथचे हॉल-संवेदक बसवणं ही कामं आधी पुरी व्हायला हवीत. अनेकदा खर्चात काटछाट करताना पहिला हात इथेच जातो, आणि ती काटछाट सर्वांत महाग पडते.

नव्या खाजगी कंपन्यांचं म्हणणं वेगळं. 2021 मध्ये अमेरिकेत उच्च तापमानाच्या अतिवाहकाचं चुंबक 20 टेस्लापर्यंत (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) गेलं, तेव्हा यंत्र लहान आणि स्वस्त होईल, हा त्यांचा दावा. चुंबकाची ती झेप खरोखर मोठी आहे. पण उष्णतेच्या पट्टीची जाडी क्षेत्राच्या व्यस्त प्रमाणात घटते. म्हणजे यंत्र लहान आणि क्षेत्र तगडं केलं, की तीच उष्णता आणखी अरुंद जागेत. म्हणूनच तिथे उष्णतेचा ठिपका डायव्हर्टरवर सतत मागेपुढे फिरवत ठेवायची योजना असते. हुशार योजना आहे, पण ती काही सेकंदांच्या स्पंदासाठी पुरते, वर्षभर चालणाऱ्या केंद्रासाठी पुरेल असं गृहीत धरता येत नाही.

आणि ‘तीस वर्षांनी’वाल्यांना? त्यांचा राग खोटा नाही. 1955 मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत अध्यक्षपदावरून होमी भाभांनी दोन दशकांत नियंत्रित संमीलनाची पद्धत सापडेल असं भाकीत केलं होतं. ती दोन दशकं केव्हाच सरली. इटरचं वेळापत्रकही आता 2034 मध्ये संशोधन सुरू आणि 2039 मध्ये ड्युटेरियम-ट्रिटियम असं घसरलंय. पण उशीर झाला म्हणजे गोष्ट अशक्य ठरली, हा तर्क चुकीचा आहे. भाभांच्या काळी भिंतीचे प्रश्न माहीतच नव्हते. आज ते नावानिशी, आकड्यांनिशी माहीत आहेत, आणि प्रत्येकाला तपासणीची पद्धत आहे. नेदरलँड्समधल्या ‘मॅग्नम-पीएसआय’सारख्या यंत्रात डायव्हर्टरइतका तीव्र झोत टंगस्टनवर सोडून तासन्‌तास बघता येतो. 14 मेगाइलेक्ट्रॉन-व्होल्टच्या न्यूट्रॉनांनी पदार्थाचं काय होतं, टंगस्टनचं हळूहळू ऱ्हेनियम-ऑस्मियम होत जाताना त्याची उष्णता वाहण्याची क्षमता किती घटते, हे तपासायला स्पेनमध्ये ग्रनाडाला स्वतंत्र केंद्र उभं राहतंय. शंका घ्यायचीच तर ती तिथे घ्यावी: हे केंद्र इतक्या उशिरा का? वीजकेंद्रांचे आराखडे त्याच्या निकालाआधी का ठरतात?

आपल्याकडेही मोजपट्टी बदलायला हवी. हजीऱ्याला बनलेल्या इटरच्या क्रायोस्टॅटचं, 3,850 टन वजनाच्या त्या पोलादी पात्राचं, आपण योग्यच कौतुक केलं. पण भारत इटरला एक निदानझोतही देतोय: 100 किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टचे हायड्रोजनचे अणू गाभ्यात सोडणारा. त्यांच्याकडून इलेक्ट्रॉन घेऊन गाभ्यातलं हेलियम चमकतं, आणि जळून उरलेली ‘राख’ मोजता येते. ती राख साचली तर संमीलन विझतं, म्हणून हे मोजमाप इटरच्या मुख्य उद्दिष्टाशी बांधलेलं आहे. क्ष-किरणांचे वर्णपटमापकही आपल्याकडून जाणार आहेत. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत टंगस्टनचे ठोकळे इलेक्ट्रॉनझोताखाली तापवून तपासायची सोय आहे. आसामात सोनापूरला याच संस्थेच्या केंद्रातल्या एका टेबलाएवढ्या यंत्रात टंगस्टनवर हेलियमची लव उगवून तिचा अभ्यास होतो. ही कामं सेकंदांच्या स्पर्धेत दिसत नाहीत, आणि निधी मागताना ती मागे पडतात. पुढचा भारतीय टोकामॅक आखताना किती टेस्ला आणि किती सेकंद यांच्या आधी तीन गोष्टी ठरवाव्यात: किती खिडक्या मोजमापासाठी राखायच्या, डायव्हर्टरच्या फरशा दर मोहिमेनंतर काढून तोलायला आणि कापून बघायला प्रयोगशाळा कुठे उभारायची, आणि टंगस्टनवर न्यूट्रॉनचा मारा करून बघायला आपल्या अणुभट्ट्यांत जागा कोण देणार.